तपासणाऱ्याची खुर्ची

मागे एका वर्षी जयंतीच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या वेळी घडलेला एक लहानसा प्रसंग आमच्या मनातून जात नाही. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन, विवाहानंतर या देशात आलेल्या आपल्यातीलच एका भगिनीने सांगितले, की औषधांच्या दुष्परिणामांविषयीचे अहवाल तपासण्याची नोकरी तिला लागली आहे. त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ, मनात काही वाईट नसताना, म्हणाले, "म्हणजे ताई, डॉक्टरकी सोडून कारकुनी धरली म्हणा की!" सारे हसले. तीही हसली, परंतु ताट अर्धे टाकून उठली. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. तेव्हा जे बोलावयास हवे होते, ते आज लिहीत आहोत.

आपल्या समाजात डॉक्टर म्हटला की गळ्यात स्टेथोस्कोप हवा, इंजिनिअर म्हटला की काही उभे केलेले दिसावयास हवे. दुसऱ्याचे लिहिलेले वाचून त्यातील उणीव दाखविणे, हे आपणांस दुय्यम वाटते. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९६० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी नावाच्या एक डॉक्टर नव्यानेच रुजू झाल्या होत्या. त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते सर्रास विकले जात होते; तेव्हा मंजुरी म्हणजे उपचारच, असे कंपनीस वाटत होते. शिवाय तेथील नियम असा, की साठ दिवसांत हरकत न घेतल्यास औषध आपोआप बाजारात यावे. केल्सीबाईंना पुरावा अपुरा वाटला. पुढे हातापायांना बधिरता येत असल्याविषयीचे एक छोटेसे पत्र त्यांच्या वाचनात आले आणि शंका बळावली. प्रत्येक वेळी मुदत संपण्यापूर्वी त्या अधिक माहिती मागत राहिल्या. कंपनीची माणसे वारंवार तगादा लावीत, वरिष्ठांकडे तक्रारी करीत. अखेर १९६१च्या नोव्हेंबरात जर्मनीत ते औषध मागे घेण्यात आले, तोवर जगात हजारो बालके अपुऱ्या वाढीच्या हातापायांनिशी जन्मास आली होती. या बाईंनी त्या प्रकरणात एकही रुग्ण तपासला नव्हता. कागद तपासले होते.

त्याच आघातातून १९६३ साली नेदरलँड्समध्ये औषध मूल्यमापन मंडळ स्थापन झाले. आज त्याचे कार्यालय उट्रेख्त येथे आहे. ब्रेक्झिटमुळे २०१९ साली युरोपीय औषध संस्थाही लंडनहून ॲमस्टरडॅमला आली. तेथे एका नव्या औषधाच्या अर्जाची छाननी दोन निरनिराळ्या देशांचे मूल्यमापक स्वतंत्रपणे करतात. त्यासाठी कमाल २१० दिवसांची मुदत असते. मात्र कंपनी प्रश्नांची उत्तरे देईपर्यंत हे घड्याळ थांबविले जाते. घड्याळ थांबविण्याचा अधिकार कारकुनाला नसतो, एवढेच त्या गृहस्थांना सांगावयाचे आहे.

आम्हांस स्वतःस काही वर्षे वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक तपासणीच्या एका समितीवर काम करण्याची संधी मिळाली. येथील कायद्यानुसार अशा समितीत डॉक्टर, कायदेपंडित, संशोधनपद्धतीचे जाणकार यांच्याबरोबरच, ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा त्याच्या बाजूने कागद वाचणारा एक सभासद असावा लागतो. एकदा शेकडो पानांचे प्रकरण आले. आम्ही डॉक्टरमंडळींनी मात्रा, रक्ततपासण्या, आकडेमोड सारे बारकाईने पाहिले. त्या सभासदाने एकच प्रश्न विचारला: रात्री त्रास झाला तर रुग्णाने फोन कोणाला करावयाचा? रुग्णास द्यावयाच्या पत्रात क्रमांकच नव्हता. आमच्याही नजरेतून ते सुटले होते. प्रकरण परत गेले.

आता थोडे आपल्याविषयी. पिढ्यान्‌पिढ्या आपण खिडकीच्या अलीकडे उभे राहिलो आहोत. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, पुढे व्हिसा; कागद आपला आणि शंका त्यांची. परंतु १९४७च्या ऑगस्टमध्ये मसुदा समिती नेमली गेली, तेव्हा तिच्याकडे सोपविलेले मूळ काम घटना-सल्लागारांच्या मसुद्याची छाननी करण्याचेच होते. पुढे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांना आपण शिल्पकार म्हणतो ते योग्यच आहे. परंतु शब्दन्‌शब्द तासून पाहणारे परीक्षकही तेच होते, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

ही खुर्ची निष्काळजी माणसाच्या हाती गेली तर काय होते, हे याच देशाने पाहिले. बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात कर खात्याने हजारो पालकांना अन्यायाने लबाड ठरवून पैसे परत मागितले. जोखीम ठरविणाऱ्या संगणकीय पद्धतीत डच नागरिकत्व आहे की नाही, हीही एक खूण होती. घरे मोडली, माणसे कर्जात बुडाली. १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. परंतु त्याच खात्यातील एक विधिज्ञ, सँड्रा पाल्मेन, यांनी मार्च २०१७मध्येच संबंधित कागद वाचून टिपण लिहिले होते, की खात्याचे वर्तन निषेधार्ह आहे व या पालकांना भरपाई द्यावी. ते टिपण बाजूस ठेवले गेले. पुढे डिसेंबर २०२४मध्ये त्याच बाईंची, या कुटुंबांच्या भरपाईचे काम पाहणाऱ्या राज्यसचिव पदावर नियुक्ती झाली.

या कामास झगमगाट नाही. त्यातील निम्मे वाचन कंटाळवाणे असते, डच भाषा पक्की असावी लागते, आणि आता पहिली चाळणी संगणक करू लागल्याने किती जागा टिकतील याची चिंता रास्त आहे. तरीही परदेशी पदवीच्या डॉक्टरांना येथे रुग्णसेवेची नोंदणी मिळेपर्यंत परीक्षांमागून परीक्षांत जी वर्षे जातात, त्या काळात आपल्या भगिनींनी घरी बसून खंत करीत राहावे, हे आम्हांस मान्य नाही. औषध, विमा, लेखापरीक्षण, अन्नसुरक्षा, न्यायालयीन कागदपत्रे, सर्वत्र अशा जागा आहेत. तेथे ज्याचा कागद आजवर संशयाने वाचला गेला, अशा घरातील माणूस बसलेला आम्हांस हवा आहे.

पुढील जयंतीस मुलांच्या मार्गदर्शन सत्रात त्या भगिनीने बोलावे, अशी विनंती आम्ही तिला केली आहे. ते ज्येष्ठ गृहस्थही येणार आहेत. तिने होकार दिला, मात्र एक अट घातली: तिची ओळख करून देताना नावाआधी 'डॉक्टर' लावावे.