'फॉर्मॅट मारावा लागेल'

व्हायरसने लोकांचं जेवढं नुकसान केलं नसेल तेवढं एका वाक्याने केलंय, असं माझं ठाम मत आहे. ते वाक्य म्हणजे "साहेब, फॉर्मॅट मारावा लागेल."

स्वारगेटच्या आसपासच्या रिपेअरिंगच्या दुकानांत ते जरा जास्तच ऐकू येतं. त्याला कारणही आहे म्हणा. सातारा, कराड, सोलापूर कुठून कुठून माणूस एसटीने उतरतो, पिशवीत रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं. कारण शोधत बसायला दुकानदाराला वेळ नाही आणि थांबायला गिऱ्हाइकाला नाही. फॉर्मॅट दोन मिनिटांत होतो, ड्राइव्ह 'चालू' होते, दोघंही खूश. घरी जाऊन फोल्डर उघडेपर्यंत.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांचा किस्सा सांगतो. त्यांचा जुना पीसी गेला. जावयाने आतली डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दिली. नवीन लॅपटॉपला लावल्यावर सगळे फोल्डर दिसत होते, पण त्यांच्या नावाचा फोल्डर उघडेना. 'परवानगी नाही' एवढाच मेसेज. दुकानात निदान झालं, "करप्ट आहे." फॉर्मॅट मारला, तीनशे रुपये घेतले, आणि वर प्रेमाने पन्नासेक पिक्चर फुकट भरून दिले! त्या फोल्डरमध्ये मास्तरांच्या दिवंगत पत्नीची भजनं होती. दहाबारा वर्षांची रेकॉर्डिंगं.

आता डिस्कला झालं काय होतं? काहीही नाही. ठणठणीत होती.

विंडोज एनटीएफएस पद्धतीने डिस्क लिहितं, तेव्हा प्रत्येक फाइलवर मालकाची नोंद असते. पण ती 'मास्तर' अशी नसते, एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो आणि तो त्या जुन्या मशीनवरच तयार झालेला असतो. नवीन लॅपटॉपवर तुम्ही तेच नाव घेऊन खातं उघडलंत तरी नंबर वेगळा. म्हणजे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि दारात नातू उभा. याला उपाय फेरफार. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे ओनर बदला, आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू करा, मग स्वतःला पूर्ण हक्क द्या. कमांड लिहायची सवय असेल तर टेकओन आणि आयकॅक्ल्स. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलेल्या कुणालाही हे जमतं, कारण परवानगी म्हणजे कुलूप नव्हे, नुसती पाटी आहे. (बिटलॉकर लावलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते खरंच कुलूप आहे, आणि रिकव्हरी की शोधण्याला पर्याय नाही.)

आणि फॉर्मॅट काय करतो? क्विक फॉर्मॅटमध्ये जमीन जागेवरच राहते, पण नोंदवही कोरी होते. म्हणून लगेच हात आखडला तर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर बरंच काही परत काढतं, नावं मात्र गेलेली असतात. मास्तरांच्या डिस्कवर मी तेच केलं. काही भजनं मिळाली. जिथे पिक्चर येऊन बसले होते तिथली कायमची गेली. ज्या दुकानाने वरून माल भरला नसता तिथे सगळी वाचली असती, हे मला अजून पचत नाही.

सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारणं सोपं आहे, पण त्याला हे शिकवलं कुणी? आपल्याच धंद्यातल्या लोकांनी. लिनक्सची एक्स्ट४ ड्राइव्ह विंडोजला लावा, अनेकदा 'वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करा' असा मेसेज येतो. मॅकला लावा, 'वाचता येत नाही' म्हणून शेजारी 'इनिशलाइज'चं बटण हजर. अहो, तुम्हाला मोडी वाचता येत नाही म्हणून दप्तर जाळायचं का? 'ही दुसऱ्या सिस्टीमची डिस्क असू शकते, घाई करू नका' एवढं एक वाक्य लिहायला काय होतंय?

एनटीएफएस १९९३ पासून आहे. मॅक आजही ती स्वतःहून फक्त वाचतो, लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅट आणलं २००६ मध्ये आणि त्याचं स्पेसिफिकेशन खुलं केलं २०१९ मध्ये. तेरा वर्षं! तोवर जगाने फॅट३२ वर दिवस काढले, ज्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. लग्नाचा व्हिडिओ त्यात मावला नाही की पुन्हा तेच, फॉर्मॅट मारा. खरं तर विंडोजमध्ये कन्व्हर्ट नावाची कमांड कितीतरी वर्षं पडून आहे, फॅट३२ चं एनटीएफएस करते, आतला माल न हलवता. मी आजवर एकाही दुकानात ती वापरलेली पाहिली नाही.

दुकानदारांची बाजूही ऐकलीय मी. "तीनशे रुपयांत किती वेळ द्यायचा? डिस्क मध्येच मेली तर गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करणार." बरोबर आहे. मग हजार घ्या की राव! पण फॉर्मॅटचं बटण दाबण्याआधी आत काय होतं हे विचारा, आणि दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज काढून ठेवा. टेराबाइटची डिस्क असेल तर त्याला काही तास लागतात, तेही स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक मुक्काम करेल नाहीतर डिस्क ठेवून जाईल. आत काहीच नको असेल तर खुशाल फॉर्मॅट करा, माझी हरकत नाही.

आपल्या घरच्यांनाही हे फोनवर सांगून ठेवा, कारण काउंटरपाशी तेच उभे असतात, आपण नाही. स्क्रीनवर काय लिहून आलंय त्याचा फोटो काढून पाठवा म्हणावं. 'परवानगी नाही' असेल तर डिस्क घेऊन घरी या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती लगेच काढा आणि पुन्हा लावूच नका. तो आजार वेगळा आहे आणि त्यालाही फॉर्मॅट हे औषध नाही.