खेळ संपल्यावर पुढे काय?

पिंपरीच्या नेहरूनगरातील महापालिकेच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. भोसरी-चाकणच्या कामगाराच्या मुलाने हॉकी स्टिक हाती घेतली की घरात मात्र एकच प्रश्न असतो : पुढे काय?

मला मुंबईचा विरेन रस्किन्हा आठवतो. तो हाफबॅक. गोल दुसऱ्याच्या नावावर, चूक मात्र याच्या. २००४ चे अथेन्स ऑलिंपिक, २००५ चा अर्जुन पुरस्कार, देशाचे कर्णधारपद, आणि २००८ मध्ये, अवघ्या २७ व्या वर्षी निवृत्ती! हैदराबादला व्यवस्थापनशास्त्र शिकून २००९ मध्ये तो गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांच्या ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’मध्ये आला. २०१२ मध्ये लंडनला भारताने ६ पदके मिळवली. त्यातील ४ विजेत्यांना या संस्थेचे पाठबळ होते.

मी बँकेत असताना खेळाडूंच्या कोट्यातून आलेले सहकारी पाहिले. सामने असेपर्यंत त्यांना मान होता. पुढे खतावणीसमोर बसल्यावर ते गोंधळत, कारण मधल्या वर्षांत त्यांना कोणी काम शिकवलेच नव्हते. नोकरी होती, दुसरी कारकीर्द नव्हती.

प्रत्येकाला रस्किन्हाची वाट जमणार नाही. पण मोरवाडीचे आयटीआयही महापालिकेचेच आहे. सकाळी मैदान, दुपारी वर्कशॉप हे वेळापत्रक अशक्य का असावे? स्टेडियम बांधले म्हणजे निम्मेच काम झाले.