आग रामेश्वरी, शिबिर सोमेश्वरी

कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि आता आपल्या स्वयंसेवी संस्थांतही एक शिबिर हटकून भरते. विषय, 'समस्या सोडवणारी मानसिकता'. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'तक्रार घेऊन येऊ नका, उत्तर घेऊन या.' ऐकायला बरे वाटते. रडगाणे कोणाला हवे आहे? पण हे वाक्य कोण कोणाला ऐकवते, ते पाहा. ज्याच्या हातात पैसा, वेळापत्रक आणि सही आहे तो ऐकवतो, आणि जिच्या हातात यातले काहीच नाही ती निमूट वहीत उतरवून घेते.

बायकांना अडचणीतून वाट काढायला कोणी शिकवायला हवे का? नळाला तासभर पाणी, महिनाअखेरीला रिकामा डबा, घरात आजारी माणूस, तरी चूल पेटते ती कोणाच्या मानसिकतेवर? हीच सवय कामाच्या जागी वापरून घेतली जाते. बाई सांभाळून घेते, म्हणून बिघाड वरपर्यंत पोचतच नाही. वर तिला 'समजूतदार' म्हणून शाबासकी मिळते. तोंड उघडले की तीच बाई 'नकारात्मक' ठरते.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांचे उदाहरण घ्या. 2019 मध्ये नोंदींसाठी त्यांना सरकारी मोबाइल मिळाले. मार्च 2021 मध्ये केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' आले. फोनची क्षमता अपुरी, तो तापायचा, अडकायचा. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकेला. ॲपची भाषा इंग्रजी. 'उत्तर घेऊन या' म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने उत्तरे सोपी होती: घरातल्या शिकत्या मुलीकडून भरून घ्या, पदरचे पैसे घालून फोन दुरुस्त करा, रात्री जागून नोंदी पुऱ्या करा. म्हणजे सरकारने केलेली चूक मानधनावर राबणाऱ्या बाईने आपल्या झोपेतून आणि खिशातून भरून काढायची!

ऑगस्ट 2021 मध्ये संघटनांच्या हाकेला ओ देऊन हजारो सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. मराठीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. फेब्रुवारी 2023 च्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होतीच. साहेबांना हा आडमुठेपणा वाटला असेल. आमच्या मते समस्या सोडवायची सुरुवात तिथे झाली. ज्यांनी प्रश्न निर्माण केला त्यांच्याच टेबलावर तो नेऊन ठेवला गेला, आणि एकटीदुकटीने नव्हे, सगळ्याजणींनी मिळून.

शिबिरवाल्यांना जपानच्या टोयोटाचे फार कौतुक. मग त्या कारखान्यातली दोरीही सांगा ना! दोष दिसला की लाइनवरच्या कोणाही कामगाराने डोक्यावरची दोरी ओढायची. गटप्रमुख धावत येतो. ठरल्या वेळात निस्तरले नाही तर लाइन थांबते. मूळ कल्पना साकिची टोयोडाच्या मागातली: धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. दोरी ओढणाऱ्याला कोणी विचारत नाही, 'उत्तर आणलेस का?' दोष दाखवला एवढेच त्याचे काम. टोयोटा म्हणजे कामगारांचे नंदनवन, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्यांच्या पुस्तकातली घोषणा तेवढी उचलायची आणि दोरी तिथेच ठेवून यायची, ही लबाडी आहे.

म्हणून मैत्रिणींनो, यापुढे अशा शिबिराचे बोलावणे आले तर जरूर जा, पण काही प्रश्न पदरात बांधून जा. काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? दोष दाखवणाऱ्या बाईची पुढची नेमणूक, बढती, रोजंदारी सुरक्षित आहे का? तिच्या म्हणण्याला लेखी उत्तर किती दिवसांत मिळेल? बैठकीचे विषय कोण ठरवते? आणि ज्यांच्या सहीवाचून काहीच हलत नाही, ते साहेब शिबिरात बसणार आहेत की उद्घाटन करून निघून जाणार आहेत?

हेच प्रश्न आपल्या संस्थांच्या कार्यालयांतही विचारायला हवेत. क्षेत्रात फिरणारी कार्यकर्ती 'बसभाडे पुरत नाही' म्हणते तेव्हा तिला बांधिलकीवर व्याख्यान देणारे आपल्यातही आहेत. तिला व्याख्यान नको, बसभाडे द्या. तिने दाखवलेला तुटलेला धागा आधी पाहा, माग थांबवा, मग सगळ्या मिळून गाठ मारू.