पी कोटातला ‘पी’

खलाशांचा आखूड, जाड लोकरीचा, रुंद कॉलरचा आणि बटणांच्या दोन रांगांचा गडद निळा कोट आपण बहुतेकांनी चित्रपटांतच पाहिलेला असतो. इंग्रजीत तो पी कोट किंवा पी जॅकेट. या ‘पी’चा वाटाण्याशी संबंध नाही, हे वेगळे सांगायला नको. परंतु त्याऐवजी जी व्युत्पत्ती हटकून सांगितली जाते, ती मला अधिक उपद्रवी वाटते : ‘पी’ म्हणजे पायलट, म्हणजे जहाजाला बंदराची वाट दाखवणाऱ्याच्या कोटाचे कापड. कपडे विकणाऱ्यांना ती सोयीचीच आहे. तिच्यात हुद्दा आहे. १९६२ साली इव्ह सँ लोराँने आपल्या पहिल्या संग्रहात हा कोट आणल्यापासून रुबाबही आहे.

शब्दाचा इतिहास मात्र गरिबीचा आहे. डच भाषेत ‘पेइ’ म्हणजे भरड लोकरी कापड (आज हा शब्द मुख्यतः मठवासी साधूंच्या झग्यासाठी उरला आहे) आणि ‘येकर’ म्हणजे जाकीट. हा जोडशब्द इंग्रजीत शिरला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. पण त्यातल्या ‘पी’शी इंग्रजीची ओळख फार जुनी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला जो विरलेला ‘कोर्टपी’ घातला, तोही मूळचा डच ‘आखूड पी’च. हाती आलेला पैसा पुस्तकांवर उधळणारा तो विद्यार्थी खलाशांच्या कितीतरी आधी हे कापड पांघरून बसला आहे!

मेल्विलच्या ‘व्हाइट-जॅकेट’ (१८५०) या कादंबरीची सुरुवातच पी जॅकेट न मिळण्यापासून होते. युद्धनौकेच्या भांडारात एकही उरलेले नाही आणि पुढे केप हॉर्नची थंडी आहे. म्हणून निवेदक एका सदऱ्याला आतून जुनेपाने कपडे शिवून पांढरे जाकीट तयार करतो. ते पाणी पिते, जड होते. अखेर समुद्रात पडल्यावर त्याला ते सुरीने कापून अंगावेगळे करावे लागते. त्या पांढऱ्या रंगाच्या प्रतीकार्थावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो, भांडारातल्या टंचाईवर क्वचितच.

मराठी अनुवादात ‘गरम कोट’ लिहिले की ही टंचाईही नाहीशी होते, कारण गरम कोट साहेबाचाही असतो. ‘घोंगडी’त भरडपणा आहे खरा, पण तिच्यामागून धनगराचा अख्खा माळ जहाजावर येतो. ‘पी जॅकेट’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी ‘भरड लोकरीचे’ एवढेच जोडावे, असे मला वाटते.