आमच्या घराचे दप्तर

(द्वितीय वर्ष, कला)

'दप्तर' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक दप्तर वाड्यावरचे, रुमालात बांधून ठेवलेल्या कागदांचे. आणि दुसरे पोरांच्या पाठीवरचे. इतिहासाचार्य राजवाडे पहिल्या प्रकारची दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले आणि त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी राहिली. तिचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले. हे सर्व वर्गात ऐकताना माझ्या मनात नेहमी येई, की राजवाडे आमच्या वाडीवर आले असते तर आमच्या घरात त्यांना काय मिळाले असते? एक उतरंड, दोन विळे आणि फार तर सोसायटीच्या कर्जाची पावती! आमच्या घरी आलेले पहिले दप्तर दुसऱ्या प्रकारचे होते, आणि तेही आजोबांच्या पाठीवर चौथीच्या पुढे टिकले नाही.

तेव्हा आमच्यासारख्या घरांना इतिहास नसतोच, असे कोणी म्हटले तर नवल नाही. मला ते पटत नाही. आमचे दप्तर आहे, पण ते घरात नाही; तालुक्याच्या अभिलेख कक्षात आहे. ते आम्ही ठेवलेले नसून सरकारने आपल्या कामासाठी ठेवलेले आहे, एवढाच फरक. आणि तेथे आम्ही जातो ते फक्त दाखल्यापुरते, अशी माझी खरी तक्रार आहे.

आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुलामुलींना जात पडताळणीचे प्रकरण ठाऊक असेल. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. मग वडील कामाचा खाडा करून कचेरीत खेटे घालतात, अर्ज लिहिणाऱ्याकडे वंशावळ तयार होते, ती प्रतिज्ञापत्रावर चढते. ही वंशावळ कोणी नीट पाहिली आहे काय? पणजोबा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे आणि सर्वांत खाली, शाई वाळायच्या आत, अर्जदार मुलगी म्हणून मी. मधे एकही बाई नाही. जणू आमच्या घरात पुरुषांनाच पुरुष होत आले आणि मी अचानक उगवले!

आता कोणी म्हणेल, पुरावा वडिलांकडच्या नात्याचाच चालतो, त्याला कारकून तरी काय करणार? खरे आहे. पण ज्या वह्यांतून हा पुरावा काढतात त्या वह्यांत बायका आहेत, आणि वंशावळ करताना त्या मागे राहतात. म्हणून नक्कल कशी मागावी हे सांगण्याआधी वहीत काय असते ते सांगते.

इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली. हेतू एकच, सारा कोणाकडून वसूल करायचा ते ठरवणे. १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे हे लिहिले जाऊ लागले. हक्क बदलला की त्याची नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. चालू स्थिती सातबारावर. म्हणजे या दप्तरात माणूस येतो तो जमिनीमागून येतो. ज्याला जमीन नाही त्याच्यासाठी हे कपाट बंद. माझ्या आईच्या माहेरी जमीन नव्हती, म्हणून त्या घराचे फेरफारात एक अक्षरही नाही. ते लोक गावात नव्हते असे थोडेच आहे? त्यांनीच गावाची निम्मी सुगी काढली.

जुन्या कागदांत मुलाच्या नावापुढे 'बिन' लिहून बापाचे नाव येते आणि बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचे. सातबारावर 'ए.कु.मॅ.' दिसले तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अर्थात थोरला भाऊ. 'अ.पा.क.' दिसले तर अज्ञान पालनकर्ता. आणि येथे मात्र पुष्कळदा आई असते. नवरा मेला, मुले लहान, तेवढ्या पाच-दहा वर्षांपुरते बाईचे नाव सातबारावर चढते. मुलगा सज्ञान झाला की कमी होते.

आमच्या पणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार १९७४ चा आहे. वारस म्हणून दोन मुलगे, विधवा आणि तीन विवाहित मुली अशी सहा नावे ओळीने लिहिलेली आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुली वारस झाल्या, म्हणून ती तीन नावे तेथे येऊ शकली. त्याच्या लगेच पुढचा फेरफार काय आहे? तिन्ही मुलींनी राजीखुशीने हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब त्यांची नावे कमी केली. निशाणी अंगठा. बस्स! माझ्या वडिलांच्या तीन आत्या सरकारी दप्तरात एकदाच आल्या, आणि त्या निघून जाण्यासाठी आल्या. आसपासच्या घरांचे फेरफार मी त्याच वहीत वाचले. बहुतेक ठिकाणी हाच क्रम आहे. काही ठिकाणी बहिणींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात एका कडेला बसवून ठेवली आहेत, लग्नात आलेल्या पाहुण्यासारखी.

हे मी घरी बोलले तेव्हा वडील म्हणाले, "हे कशाला लिहितेस? उगीच भांडणे लागतील." त्यांची भीती खोटी नाही. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला, तेव्हापासून या विषयावर घराघरांत कुजबूज आहे. पण आमची जमीन दीड एकर, त्यातून तीनदा वाटण्या झालेल्या. ती मागायला कोणी येणार नाही. त्या तिघींनी अंगठा का दिला हे आजीला ठाऊक आहे. "माहेर तुटू नये म्हणून गं. दिवाळीला चोळीबांगडी तरी मिळंल," असे ती सांगते. हा जबाब कुठल्याच फेरफारात नाही. दिले ते दिले, परंतु दिले होते एवढे तरी घरातल्या पोरांना कळायला नको काय?

आता कोतवाल बुकाविषयी. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा येण्यापूर्वी गावातील जन्ममरणे ज्या वहीत लिहिली जात, ती ही वही; कागदोपत्री तिला गाव नमुना १४ म्हणतात. भूमिहीनांचा शोध लागतो तो येथे, कारण जन्माला यायला जमीन लागत नाही. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख. मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण बारसे व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. वडिलांना हवी होती ती एकच नोंद, आजोबांच्या जन्माची. ती मिळाली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र पाने उलटत राहिले. १९३८ ते १९५३ या काळात पणजोबांच्या नावासमोर सात जन्म आहेत. घरात आम्हांला माहीत आहेत पाच. उरलेली दोन मरणाच्या रकान्यात सापडली. एक मुलगा, अकरा महिन्यांचा. एक मुलगी, चार वर्षांची. दोघांचेही कारण एकच लिहिले आहे, 'ताप'. चार वर्षे म्हणजे ती बोलत असणार, अंगणात खेळत असणार, तिला हाक मारायला नाव असणार. वहीत ते नाही. आजीला विचारले, तर तीही थक्क झाली. "आत्याबाईंनी कधी सांगितलं न्हाई," एवढेच म्हणाली आणि बराच वेळ चुलीकडे पाहत बसली. पणजीने दोन लेकरे पुरली आणि सुनेलाही सांगितले नाही. कोतवालाच्या दोन ओळी नसत्या तर ही गोष्ट तिच्याबरोबरच गेली असती.

तथापि सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य असेही नाही. शाळेचे जनरल रजिस्टर काढून पाहा. आमच्या गावातील अर्धी वडीलधारी मंडळी १ जूनला जन्मलेली आहेत! गुरुजींनी पोर पाहिले, हात डोक्यावरून कानाला लावून बघितला आणि वयाला बसेल असे साल टाकून १ जून लिहिली. उलट आजीला एकही तारीख येत नाही, पण तिचा हिशेब चुकत नाही. "भूकंपाच्या साली माझं लगीन झालं, चारच म्हैन्यांनी भिती पडल्या," असे ती म्हणते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे लग्न श्रावणाच्या आधीचे. वडिलांचा जन्म 'दुष्काळात, खडी फोडायला जात होतो तवा', म्हणजे १९७२-७३. कागद आणि आजी, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय घराचा इतिहास लागत नाही, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

मोडीचा प्रश्न निराळाच आहे. १९३० च्या मागे गेले की आमच्या वह्या मोडीत सुरू होतात आणि आमचे शहाणपण तेथे संपते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला निघाले, तेव्हा जागोजागी मोडी वाचणारे हुडकावे लागले. आपल्याच आज्यापणज्यांच्या नोंदी वाचायला माणूस मिळेना! पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. चिकाटी असेल तर थोड्या दिवसांत अक्षर लागू लागते. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर दिसतात, ही चांगली सोय झाली आहे. पण कोपरे झडलेली कोतवाल बुके अजून कपाटातच आहेत, आणि हात लागला की त्यांचा चुरा होतो.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. मित्रमैत्रिणींनो, दाखल्यासाठी कचेरीत जाल तेव्हा आपल्या कामाची एक ओळ घेऊन परत येऊ नका. अख्खे पान उतरवून घ्या, त्याच्या मागचे आणि पुढचेही. घरी येऊन ते आजीला वाचून दाखवा आणि ती जे बोलेल ते समोरच्या बाजूला लिहा. थोर सरदार सापडावा म्हणून हा खटाटोप करू नका. अलीकडे ज्याला त्याला आपला मूळपुरुष कुठल्यातरी लढाईत सापडतो, आणि त्याच्याबरोबर खंदक खणणारे कोणाचे पूर्वज होते हे कोणी विचारीत नाही.

सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे बंधनकारक केले आहे. उत्तम झाले. त्याआधीच्या आयांचे काय, याचे उत्तर मात्र सरकार देणार नाही. ते तालुक्याच्या कपाटात आणि आपापल्या घरच्या चुलीपाशी शोधावे लागेल.

इतिहास विभागाकडे मी एक अर्ज दिला आहे. यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्त्याच्या कामाबरोबर दोन दिवस त्या गावच्या वह्या उतरवण्यास द्यावेत आणि हिवाळी सत्रात मोडीचा वर्ग घ्यावा, अशी विनंती त्यात आहे. वर्गासाठी आतापर्यंत अकरा नावे आली आहेत, त्यांत आठ मुली. ज्यांना यायचे असेल त्यांनी ग्रंथालयातील फलकाखाली ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. आईच्या नावासह लिहिले तरी चालेल. माझे काम अजून राहिले आहे. तीन आत्यांपैकी धाकटी हयात आहे, पलीकडच्या खोऱ्यात असते. त्या चार वर्षांच्या बहिणीला घरात काय म्हणत, हे तिला कदाचित आठवत असेल. परीक्षा संपली की मी तिच्याकडे जाणार आहे.