पाटी तीच, हिशेब नवा

नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना आणली आणि पुढे कितीतरी वर्षं गुरुजी, तलाठी, दूधवाले तिच्यावरून फिरले. मग लूना थांबली. २००८ साली कायनेटिक समूहाने दुचाकीचा व्यवसाय महिंद्राकडे दिला. नगरचा कारखाना आता दुसऱ्यांच्या वाहनांसाठी गिअर, शाफ्ट असे सुटे भाग बनवतो. गेटवरची पाटी तीच राहिली, धोरण मुळापासून फिरलं.

असं झालं की कामगाराच्या हातात नवं ड्रॉइंग येतं. वरच्या अधिकाऱ्याचा मात्र सगळा हिशेबच बदलतो. गाडी विकणाऱ्या कंपनीत तो दसरा-दिवाळीचं बुकिंग बघून महिना आखतो, भाव कंपनी ठरवते, डीलर त्याच्या दारात येतो. सुटे भाग पुरवायला लागलं की शेड्यूल ग्राहकाकडून येतं, ऑडिटला ग्राहकाचा माणूस येतो. तो टेबलावरचा गिअर उचलतो, एकेक दात मायक्रॉनमध्ये मोजतो आणि अख्खा लॉट बाजूला काढायला लावतो. काल डीलरांच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसलेला अधिकारी आज दुसऱ्याच्या गेटवर पास काढून उभा असतो.

हे पेलायचं तर त्याला आधी विश्वासात घ्यावं लागतं. कंपनीचं धोरण त्याच्यापर्यंत पोचतं ते सोमवारच्या बैठकीत त्याला पहिला प्रश्न कोणता विचारला जातो आणि त्याची बढती कशावर ठरते, यातून. बैठकीत अजूनही ‘किती नग गेले’ एवढंच विचारलं, तर परत आलेल्या मालाकडे तो दुसऱ्या नंबरवरच बघणार. त्यात त्याला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

याच शहराच्या एमआयडीसीत एल अँड टीचा स्विचगिअर कारखाना होता. तो व्यवसाय श्नायडरला विकण्याची घोषणा मे २०१८ मध्ये झाली, व्यवहार पुरा झाला ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे मध्ये सव्वादोन वर्षं गेली. अशा काळात शॉपवरचा माणूस चहाच्या सुट्टीत ‘साहेब, आपलं काय होणार?’ असं विभागप्रमुखालाच विचारतो. मुख्यालयाला विचारायला कोण जातंय! उत्तर साहेबालाही सांगितलेलं नसेल, तर तो काय बोलणार? चांगली माणसं कंपनी सोडतात ती बहुधा याच दिवसांत, आणि नव्या मालकाला त्यांचीच सगळ्यात जास्त गरज असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना बाजारात आली. तिचा सांगाडा नगरमध्येच तयार होतो. एकीकडे दुसऱ्या कंपन्यांची शेड्यूल, दुसरीकडे घरची गाडी. चांगली माणसं, पैसा, शिफ्ट यांतला पहिला वाटा कोणाला द्यायचा, हे अशा कारखान्यातल्या विभागप्रमुखांना समोर बसवून सांगायला हवं, आणि तेही पहिली ऑर्डर चुकायच्या आधी.