तोडलेल्या उसाचे तास कोण मोजणार?

उसाच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गट नंबर असतो, उसाची जात असते, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. ऊस कोणत्या दिवशी, किती वाजता तोडला, हे मात्र आमच्या घरी आलेल्या एकाही पावतीवर मला दिसलेलं नाही. माझं माहेर दौंड तालुक्यातल्या राहू बेटात, भावाचा ऊस भीमेच्या पाण्यावर. मी शिरूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ही न छापलेली वेळ मला फार खटकते, कारण त्या तासांत उसात काय घडतं हे माझ्या विषयातलं आहे.

ऊस उभा असतो तोवर कांड्यातली साखर सालीच्या आत सुरक्षित असते. कोयता बसला की दोन्ही टोकं उघडी पडतात. मातीतले, पाचटातले, कोयत्याच्या पात्यावरचे जिवाणू तिथून आत शिरतात. त्यांतला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. इडलीचं पीठ फुगवणाऱ्या जिवाणूंत हाच असतो, तिथे तो आपल्या उपयोगाचा. उसात तो साखरेचा रेणू पेशीबाहेरच फोडतो. त्यातून निघालेलं फ्रुक्टोज आत घेतो आणि ग्लुकोजचे रेणू एकाला एक जोडून लांबलचक साखळी बाहेर सोडतो. तिला डेक्स्ट्रन म्हणतात. तीन-चार दिवस उन्हात पडलेल्या उसाच्या टोकाला बोट लावून बघा. आंबूस वास येतो, बोट उचललं की चिकट तार निघते.

साखर आत घेणं ही जिवाणूसाठी सोपी गोष्ट नाही. साखर पाण्यात विरघळणारी, पेशीचं पटल मेदाचं. त्यातून ती आपोआप आत जात नाही. त्यासाठी पटलात रुतलेली वाहक प्रथिनं लागतात. त्यांतलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं प्रथिन ई. कोलाय जिवाणूतलं, दुधातली साखर आत नेणारं लॅक-वाय. ४१७ अमिनो आम्लांची ही माळ पटलाच्या आरपार १२ वेळा ये-जा करते. सहा-सहा दांड्यांचे दोन भाग आणि मधे साखर बसेल एवढी खोबण. बाहेरची बाजू उघडते तेव्हा आतली बंद, आतली उघडते तेव्हा बाहेरची बंद. दोन्ही एका वेळी कधीच उघडत नाहीत, नाहीतर पेशीतलं सगळं बाहेर वाहून जाईल. साखरेच्या प्रत्येक रेणूबरोबर एक प्रोटॉन आत येतो, त्याच्या ओढीवर हे काम चालतं. रॉन कॅबाक यांनी या एका प्रथिनासाठी अनेक दशकं दिली, तेव्हा २००३ साली त्याची रचना जगाला दिसली.

साखर आत नेण्याची दुसरी तऱ्हा १९६४ साली सॉल रोझमन यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सापडली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत सुधामय घोष हे भारतीय नाव आहे, वर्गात ते मी आवर्जून सांगते. इथे साखर आत येता येताच तिला फॉस्फेट चिकटवलं जातं, म्हणजे ती पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही. ग्लुकोज या मार्गाने आत येत असलं की याच यंत्रणेतलं एक प्रथिन लॅक-वायला धरून बंद ठेवतं. चांगली साखर मिळते आहे, मग दुसरीवर शक्ती कशाला घालवा! एका पेशीचा जीव आत काय येतंय याचा क्षणाक्षणाला एवढा चोख हिशेब ठेवतो.

आपण तो ठेवत नाही. न्हावरे–चौफुला रस्त्यावर हंगामात उभं राहिलं की जोड ट्रेलरची रांग दिसते. जवळचा कारखाना बंद असला की ऊस आणखी लांब जातो. टोळी पहाटे फडात उतरते, मोळ्या बांधते, गाडी भरते, मग गव्हाणीपर्यंत नंबर लागायला रात्र जाते, कधी दुसरा दिवसही. या वेळात ऊस वाळतो, वजन घटतं. तो तोटा थेट शेतकऱ्याचा. उसाची स्वतःची विकरंही साखर फोडतात, सगळा दोष जिवाणूंवर टाकता येणार नाही. पण डेक्स्ट्रन ही जिवाणूंचीच करणी. त्याने रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबट आणि सुईसारखे येतात.

सर्वांत वाईट भाग प्रयोगशाळेत घडतो. रसातली साखर पोलरीमीटरने मोजतात, म्हणजे रस प्रकाशाला किती वळवतो ते बघतात. डेक्स्ट्रन साखरेच्या जवळपास तिप्पट वळवतं. म्हणजे शिळ्या उसाच्या रसात यंत्र जी साखर दाखवतं, तेवढी पोत्यात उतरत नाही. मग कारखान्यात हिशेब जुळत नाही आणि ठपका साखर शिजवणाऱ्या पॅनवरच्या माणसांवर येतो.

२०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे. त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, उतारा ९.५ टक्क्यांपर्यंत खाली आला तर तेवढेच घटतात. एकरी ४० टन धरले तर ०.१ टक्क्याचे जवळपास १,४०० रुपये होतात. आणि उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी धरला जातो. ज्याने ताजा ऊस घातला, त्यालाही दुसऱ्याच्या रांगेत सडलेल्या उसाचा भुर्दंड बसतो. पेटवलेल्या उसाला कपात लावायची पद्धत आहे. जळीताने साल तडकते, जिवाणूंना वाट मिळते, त्यामुळे तिच्यामागे कारण आहे. पण यार्डात उभ्या राहिलेल्या हिरव्या उसाचे तास कोणाच्या खात्यावर टाकायचे? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात शेतकऱ्याचे पैसे १४ दिवसांत द्या, नाहीतर १५ टक्के व्याज द्या, असं लिहिलेलं आहे. पैशाच्या उशिराला किंमत आहे, मग उसाच्या उशिरालाही हवी.

आता हार्वेस्टर वाढताहेत. यंत्र उसाचे लहान लहान तुकडे करतं, म्हणजे उघडी टोकं कितीतरी पटीने वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये यंत्रतोडणी आली तेव्हा डेक्स्ट्रनने कारखान्यांना जेरीस आणलं होतं. त्यांना तोडणी ते गाळप हा काळ तासांत मोजायला लागावं लागलं. आपण तीच यंत्रं आणतोय, तर घड्याळही आणावं.

जिवाणू म्हटलं की उसाचा शत्रूच, असं मात्र कोणी समजू नये. लागणीच्या वेळी बेणं ज्या ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात ३० मिनिटं बुडवतात, तो उसाच्या आत राहून हवेतलं नत्र देतो. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये तो उसात सापडला. उसाची साखर आत नेणारं वाहक प्रथिन त्याच्याकडे नाहीच. तोही साखर बाहेरच फोडतो आणि तुकड्यांवर जगतो. ही प्रक्रिया केल्यावर नत्राची मात्रा निम्म्याने कमी करावी, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. उन्हात तापलेल्या दुकानातली बाटली घेऊ नका, एवढंच मी भावाला सांगते.

माझ्या मागण्या दोन आहेत. पावतीवर तोडणीची तारीख आणि वेळ छापा. आणि दर आठवड्याला उताऱ्याशेजारी रसातल्या डेक्स्ट्रनचा आकडा फळ्यावर लावा. त्याची चाचणी महाग नाही. स्टार्च आणि प्रथिनं काढून स्वच्छ केलेल्या रसात अल्कोहोल घातलं की डेक्स्ट्रन पांढरट धुक्यासारखं वर येतं, त्याची गढूळता मोजायची. आमच्या प्रयोगशाळेत मुली ताज्या आणि शिळ्या रसाच्या नळ्या शेजारी धरतात, तेव्हा फरक डोळ्यांनी दिसतो. "मॅडम, आमच्या गाडीचा रस आणू का?" असं दर हंगामात कोणीतरी विचारतंच.

कारखान्याची माणसं म्हणतात, टोळ्या कमी, मुकादम उचल घेऊन पळतात, गाड्या वेळेत कुठून येणार? त्यांची अडचण खरी आहे. २४ तासांत गाळप झालंच पाहिजे, असं मी उद्यापासून म्हणत नाही. पण कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाच्या हातात मोबाइल असतो, उसाची नोंद तो त्यावरच करतो. त्यात वेळेचा एक रकाना वाढवायला टोळीही लागत नाही आणि गाडीही. सप्टेंबरात वार्षिक सभा होतील, तेव्हा सभासदांनी हा विषय लेखी देऊन पत्रिकेवर घ्यायला लावावा. माझ्या भावाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे.